आठ फुटी पत्र्याचं जहाज

मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या जहाजाचं ऐकलं की जो तो हाच प्रश्न विचारतो. "मिस्त्री, तुमी समुद्र पायला का कधी?" नाही पाहिला. आणि आमच्याकडच्या ज्या लोकांनी पाहिला त्यांनी तिथं जाऊन भेळ खाल्ली, फोटो काढले आणि घरी आले. त्यांच्यापैकी एकानंही जहाज बनवलं नाही. मी बनवलं. आठ फूट लांब, पत्र्याचं, रिमोटवर चालणारं मालवाहू जहाज. आणि तेही उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी शिल्लक असताना.

आमचं दुकान शहापूरला, हायवेच्या काठावर. धान साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचं. हे एकट्याचं काम नाही, दोघं लागतात. एक पत्रा धरतो, दुसरा ठोकतो. ठोकतो तो मिस्त्री. धरणाऱ्यानं पत्रा हलू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत. पंचवीस वर्षं मी ठोकलं आणि माझ्या धाकट्या भावानं धरलं. एक शब्द जास्तीचा न बोलता धरलं, हे मान्य करायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी कोठ्यांच्या घाईत माझा हात गेला. पत्रा कापायची आमची कातर पायानं चालते. समोर लांब पातं, खाली पायटा. मी पत्रा सरकवला, "हं" म्हटलं, भावानं पाय दाबला. तेवढ्यात मला पत्रा तिरपा दिसला आणि तो सरळ करायला मी हात पुन्हा आत घातला. पंचवीस वर्षांच्या मिस्त्रीनं शिकाऊ माणसासारखी चूक केली. तीन बोटं त्या बाजूला पडली आणि मी या बाजूला. भाऊ कितीतरी वेळ पायट्यावरून पायच उचलेना.

हात बरा होऊन दुकानात आलो तर बाहेर एक लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. "दादा, तू आता इथं बस. गिऱ्हाइकाशी बोल. मले तुयासारखं बोलता येत नाही." आता माझं आणि गिऱ्हाइकाचं जन्मात कधी पटलं नाही, हे अख्ख्या शहापूरला माहीत. पण भाऊ माझ्याकडे न बघता बोलत होता, घरचे मान डोलावत होते, आणि मी बसलो. माझी ऐरण रिकामी ठेवून तो शेजारी मांडलेल्या नव्या ऐरणीवर ठोकायला लागला. धरायला रोजंदारीचा एक माणूस ठेवला. मला पत्रा धरूही देईना. मी उठलो की म्हणायचा, "राहू दे दादा, राहू दे." हे "राहू दे" ऐकून ऐकून माझं डोकं भणभणायचं. माणसाला शिवी द्यावी, पण असं राहू दे, राहू दे करू नये.

खुर्चीवर बसून करणार काय? समोर हायवे. दिवसभर मोठाले ट्रेलर जायचे आणि त्यांच्या पाठीवर लोखंडी डबे. लाल, निळे, विटकरी. मी पत्र्याचा माणूस, माझी नजर त्या डब्यांवरच जायची. कडा कशा दुमडल्या, कोपरा कसा बांधला, पत्र्याला नळ्या पाडून मजबुती कशी आणली. हे डबे जहाजातून येतात एवढं ऐकून होतो. मग मोबाइलवर ते जहाजच शोधलं. शोधता शोधता कुठल्यातरी परदेशातला एक म्हातारा सापडला, तळ्याकाठी उभा राहून आपलं हातानं बनवलेलं भलंमोठं मालवाहू जहाज रिमोटनं चालवत होता. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी जहाज बघायचं सोडून त्याचे हात बघायला लागलो. रिमोटला दोन दांड्या होत्या आणि तो त्या फक्त दोन अंगठ्यांनी हलवत होता. माझे दोन्ही अंगठे शाबूत होते.

जहाजच का, हेही सांगतो. मी कोठी बनवली असती तर लोक म्हणाले असते, भावानं करून दिली असेल. जहाज शहापुरात कोणाच्या बापाला येत नव्हतं. जे काही होईल ते माझंच असणार होतं.

दुकानामागे टिनाच्या शेडखाली सुरू केलं. पत्रा आठ फुटी मिळतो, म्हणून जहाज आठ फुटी. दुसरं काही कारण नाही. भाऊ एकदा मागे आला, जमिनीवर खडूनं काढलेला आकार पाहिला आणि म्हणाला, "काहून करून राहिला दादा हे? उरलेला हात तरी सांभाळ न." मी म्हटलं, "माया हात आहे. तू तुया सांभाळ." तो निघून गेला. त्याला लागलं असणार. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मिस्त्री सटकला म्हणाले. पेन्शनवाले एक गुरुजी रोज फिरायला जाताना शेडमध्ये डोकावायचे. "चालवान कुठं हे? न्हाणीत?" मी म्हणायचो, "तुमच्या विहिरीत." चार दिवसांनी त्यांनी रस्ता बदलला.

मोगरी डाव्या हातात घेतली तेव्हा कळलं आपण किती पाण्यात आहोत. लाकडी हातोडा तो, पण पत्र्यावर पडायच्या ऐवजी माझ्याच मनगटावर पडायचा. बाजू कशातरी वळल्या. खरी अडचण नाकाची होती. जहाजाचं नाक म्हणजे दोन्हीकडचा पत्रा सारख्या वळणानं येऊन मध्ये मिळाला पाहिजे. एकीकडे जास्त वळला की जहाज आयुष्यभर तिकडेच ओढणार. तीन नाकं मी बनवली आणि तिन्ही फेकली. तिसरं फेकलं तेव्हा शेडमध्ये बसून रडलो. दुःखानं नाही, संतापानं. ज्या हातानं झोपेत कोठी केली असती तो हात मला एक साधं वळण देईना.

बायकोनं ते पाहिलं. भाजी गॅसवर होती, ती बंद करून आली आणि पदर खोचून म्हणाली, "कुठं धरू सांगा." पत्रा धरायचं काम आमच्याकडे बाईनं कधी केलेलं नव्हतं. ती धरायची आणि सोबत बोलायचीही, शेजारणीचं, भाचीच्या लग्नाचं, माझ्या हट्टी स्वभावाचं. धरणाऱ्यानं बोलायचं नसतं हा नियम तिला सांगायची माझी छाती नव्हती. पण पत्रा तिनं हलू दिला नाही. चौथं नाक बसलं.

कोठीवाल्याची अक्कल तिथं कामीही आली. कोठीची शिवण आम्ही वरच्या पत्र्याची कड खाली मोडून घालतो, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. जहाजाला पाणी खालून येणार, म्हणून मी सगळ्या शिवणी उलट्या घातल्या आणि वरून कथलाची झाळ दिली. पाणी भरलेल्या हौदात ठेवलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक थेंब आत नाही. पाण्यातला पंखा जुन्या पितळी गुंडाच्या, म्हणजे घागरीच्या, बुडातून कापला. मोटर भंगारातल्या कारच्या रेडिएटरच्या पंख्याची, बॅटरी मोटरसायकलची. रिमोट तेवढा मागवला. आणि वर ठेवायला उरलेल्या तुकड्यांचे चाळीस डबे केले, विटेएवढे, प्रत्येकाला दाबून बसणारं झाकण, लाल, निळा, विटकरी रंग. वर्ष गेलं सगळ्याला. डबे करता करता कधी डावा हात सरळ पडायला लागला, माझं मलाच कळलं नाही.

दिवाळीच्या आधी भाऊ शेडमध्ये आला. या वेळी त्यानं जहाजाकडे पाहिलंच नाही. "दादा, मोहाडीचा एक कारागीर ठरवला. मंडई झाली की येते. सीझन मोठा आहे. तुयी ऐरण त्याले देतो." सरळ सांगितलं, हळू आवाजात. माझी ऐरण! बापानं माझ्या हातात दिलेली. माझ्या अंगात तिडीक गेली.

मी बाहेर हायवेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मंडईच्या दिवशी हे जहाज गावच्या तलावात जाईन. पल्याड जाऊन वापस येईन. आलं तं ऐरण मायी. बुडलं तं मी त्या खुर्चीवर बसतो अन् मरेपर्यंत तोंड उघडत नाही." भाऊ म्हणाला, "दादा, असं नको बोलू." मी म्हटलं, "बोललो."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी माहेरी येतात, घराघरात पाहुणे मावत नाहीत, दुकानं लागतात, नाटक असतं. म्हणजे माझी फजिती बघायला आमचं गाव तर होतंच, अड्याळपासूनचे सोयरेही होते. जहाज हातगाडीवर घालून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. हौदात ते रिकामंच तरंगवलं होतं, तेव्हाच दिसलं होतं की ते फार वर उचलून राहतं आणि डुलतं. त्याला वजन पाहिजे होतं. आता आमच्या दुकानाची दुसरी रीत ऐका. नवी कोठी दुकानातून रिकामी जात नाही. तिच्यात ओंजळभर धान टाकायचं आणि मगच ती गाडीवर चढवायची. मी म्हटलं, जहाज ही माझी सगळ्यात मोठी कोठी, हिला ओंजळीनं काय होतं? बायकोनं नव्या धानाचा निवडून ठेवलेला अख्खा कट्टा, भरलेलं पोतंच, मी जहाजाच्या पोटात ओतला. पोट अर्धं भरलं. वरून पत्र्याचं झाकण बसवलं, त्यावर डबे रचले. जहाज छान खाली बसलं.

मोटर लागली आणि ते निघालं, सरळ, धीमं, पाणी कापत. "बापा बापा!" असा आवाज पाळीवरून आला. माझी छाती अशी फुगली की सांगता सोय नाही. मध्यावर गेलं, मी डावा अंगठा दाबून वळवायला घेतलं. वळताना ते जरा झुकलं. झुकलं ते उठलंच नाही. आणखी झुकलं, डबे एकेक करून पाण्यात गेले, आणि माझं वर्षभराचं जहाज कुशीवर झोपलं. झाकण सुटून पोटातलं धान बाहेर आलं आणि पाण्यावर पिवळा थर पसरला. मग माशांची मंडई झाली.

लोक हसले. हसणारच. कोणी शिट्टी मारली. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, न्हाणीतच बरं होतं." भाऊ हसला नाही. त्यानं मान खाली घातली, आणि ते मला सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

जहाज बाहेर काढलं ते तलावात मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरानं. आपला लाकडी डोंगा घालून गेला, ते ओढत काठाला आणलं, वाहते डबेही गोळा केले. तो हसत नव्हता. पोटात हात घालून त्यानं उरलेलं धान चिवडलं. "मिस्त्री, मोकळं धान भरलं तुमी. कोठी उभीच राहते, तिले काय? हे झुकलं अन् धान सारं एका बाजूले लोळलं. मी डोंग्यात पानी साचू देत नाही, ते याच्याचसाठी. मालाले जागा धरून बसवा." एवढं बोलून तो आपल्या जाळ्याकडे गेला.

पंचवीस वर्षं धान साठवायची भांडी बनवली, आणि धान लोळतं हे मला एका ढिवरानं सांगावं! घरी आलो तर बायको म्हणाली, "बुडवायचंच होतं तं माया निवडलेला धान कायले नेला? कोंडा होता न घरात." मी पहिल्यांदा त्या दिवशी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. "दादा, शब्द देल्ला होता तू." मी म्हटलं, "हो, देल्ला होता. फिरलो. जा, साऱ्या गावाले सांग, मोठा भाऊ शब्दाले फिरला." मी आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता, त्या दिवशी मोडला, आणि आजही मला त्याची काडीची लाज नाही. ज्या खुर्चीवर बसण्यासाठी शब्द पाळायचा ती खुर्ची मला नको होती. "कारागीर येते कधी?" मी विचारलं. "सोमवारी." "मंग रविवारी तलावावर ये. नाही आला तरी मी जातो."

करायचं काय ते डोळ्यासमोरच होतं. चाळीस डबे! मी मूर्खासारखे रिकामे वर रचले होते, शोभेला. त्यातले तीस घेतले. बायकोनं कोठीतलं धान काढलं, मी अंगठ्यानं दाबून दाबून गच्च भरलं, झाकणं ठोकून बसवली. पोटाच्या तळाशी दोन थरात डबे एकाला एक टेकवून असे बसवले की मधे करंगळी जाईना. करंगळी घालून पाहिलीही, ती होतीच हाताशी. दहा रिकामे वर ठेवले. वजन थोडं कमी पडलं ते पत्र्याच्या जाड तुकड्यांनी भरून काढलं. हायवेवरचे ते डबे तीन वर्षं बघत होतो. जगात माल डब्यात का भरतात याचं एक कारण मला स्वतःचं जहाज बुडवल्यावर कळलं.

रविवारी सकाळी तलावावर मी, बायको आणि तो ढिवर, एवढेच. भाऊ पाळीच्या पार त्या टोकाला मोटरसायकल लावून उभा होता, जवळ आला नाही. ढिवरानं हात करून दाखवलं, "त्या बेशरमाच्या झुडपापाशी वळवा. पुढं शिंगाड्याचे वेल आहेत, पंखा गुंतते." मी रिमोट छातीशी धरला.

जहाज निघालं. मध्यावर, जिथं बुडालं होतं तिथं, मी श्वास धरला. बायको एवढी बोलणारी बाई, तिनंही तोंडात पदर घातला होता. झुडूप आलं. अंगठा दाबला. झुकलं. झुकलं तेवढंच राहिलं, गोल वळलं, आणि सावकाश उठून सरळ झालं. मग नाक आमच्याकडे करून यायला लागलं. माझं चौथं नाक. जराही कुठं ओढत नव्हतं. काठाला लागलं तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, केव्हा शिरलो ते आठवत नाही. मी भावाच्या दिशेनं बघून ओरडलो, "पायलं का बे!"

तो चालत आला. जहाजाजवळ उभा राहिला. हसेल, काही बोलेल, असं वाटलं. तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, काठावर उभा राहून लहान पोरासारखा. "दादा, तू मोगरी उचलली का मले पायट्याचाच आवाज येते. तुया हाताकडे पाहवत नाही मले. पाय माया होता न."

तीन वर्षं मी समजत होतो की त्याला माझी जागा पाहिजे. तीन वर्षं मी त्याच्यावर दात धरून होतो. खुर्ची त्यानं ठेवली होती ती माझ्यासाठी नव्हती. मी समोर, पाठमोरा, हात मांडीवर ठेवून बसावा, म्हणजे त्याला हात दिसणार नाही. मला राग आला, कीवही आली. मी म्हटलं, "पाय तुया होता. 'हं' मीच म्हटलं होतं. अन् हात मीच घातला. हे तू आता ध्यानात ठेव, कारण उद्या मी ऐरणीवर येऊन राहिलो."

सोमवारी मोहाडीचा कारागीर आला. त्याला भावाची ऐरण मिळाली. जहाज दुकानाबाहेर ठेवलं, बूड एका रिकाम्या ड्रमवर आणि नाक त्या लाल खुर्चीवर. मी आत गेलो. पत्रा ऐरणीवर टाकला, डाव्या हातात मोगरी घेतली आणि थांबलो. धरणारा रोजंदारीचा माणूस पुढे आला, तर भावानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतः समोर येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदा, पूर्ण, नजर न चुकवता. मग पत्रा दोन्ही हातांनी धरला. त्याचे हात एवढे कापत होते की पत्रा खडखड वाजत होता.

"नीट धर," मी म्हटलं.

खडखड थांबली. मी मोगरी उचलली.